जिऊ-जित्सूची घराणी : नवख्याने क्लास लावण्याआधी काय बघावं

ब्राझिलियन जिऊ-जित्सू शिकायचं मनात आलं की पहिला गोंधळ नावांचा होतो. ग्रेसी बार्रा, अलायन्स, आतोस, चेकमॅट, नोव्हा उनियाओ, टेन्थ प्लॅनेट. शिकवतात सगळे जिऊ-जित्सूच. पट्ट्यांचे रंगही बहुतेक ठिकाणी तेच : पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. तरी एका ठिकाणी महिनाभर गळा धरणाऱ्याचा हात कसा सोडवायचा हेच चालतं, आणि दुसरीकडे पहिल्याच दिवशी कोणीतरी तुमच्या पायाखालून लोळण घेऊन थेट पाठीवर येऊन बसतं. आपल्या गाण्यातली घराणी आठवा. राग एकच असतो, पण किराण्याचा गायक सुराला धरून राहतो आणि आग्र्याचा लयीशी खेळतो.

मला हा फरक उशिरा कळला. घराजवळ जे होतं तिथे मी नाव घातलं, दोन वर्षं घाम गाळला आणि त्यात उजवा गुडघा दुखावून बसलो. नंतर वेगवेगळ्या ठिकाणी मॅटवर उतरलो तेव्हा एक प्रश्न हाताशी आला. आजही कोणी सल्ला मागितला की मी तोच देतो : हे घराणं कोणत्या अडचणीवरचं उत्तर म्हणून जन्माला आलं? याचं उत्तर कळलं की तिथे तुम्हाला आधी काय शिकवतील, कशाकडे दुर्लक्ष करतील आणि दुखापत कुठे होईल, याचा बराच अंदाज बांधता येतो.

पायरी पहिली : पाठीवर पडण्याचा अर्थ समजून घ्या

कुस्ती पाहत वाढलेल्या माणसाला इथे पहिला अडथळा येतो. तालमीत पाठ टेकली की कुस्ती संपली. म्हणून खाली गेलेला मल्ल पालथा पडतो, कोपरं अंगाशी घेतो, आणि वरचा सवारी भरायला बघतो. जिऊ-जित्सूत नेमकं हे पालथं पडणंच महागात पडतं. वरच्याचे दोन्ही पाय तुमच्या मांड्यांच्या आत अडकतात, एक हात हनुवटीखालून गळ्याभोवती जातो आणि दहा सेकंदांत तुम्ही टॅप करता, म्हणजे हाताने थोपटून हार मानता. पाठीवर पडलेला माणूस मात्र अजून पूर्ण लढाईत असतो, कारण त्याचे पाय समोरच्याच्या आणि त्याच्या मध्ये आहेत. या अवस्थेला गार्ड म्हणतात.

बंद गार्ड जरा जवळून बघा. जोडीदार तुमच्या पायांच्या मध्ये गुडघ्यांवर बसलाय. तुम्ही त्याच्या कमरेला पायांचा विळखा घालून पलीकडे घोटे अडकवलेत. उजव्या हाताची चार बोटं त्याच्या कॉलरच्या आत, पार कानाखालपर्यंत गेलीत, आणि डाव्या मुठीत त्याची बाही आहे. आता हाताने ओढू नका, गुडघे आपल्या छातीकडे घ्या. तो आपोआप पुढे कोसळतो आणि हात टेकतो. टेकलेला हात म्हणजे कोपर ताणणारा आर्मबार किंवा खांदा पिरगाळणारा किमुरा. हात न टेकता तो ताठ बसू लागला तर त्याची कंबर हलकी झालेली असते, मग त्याला उलथवून वर या. वर येण्याला स्वीप म्हणतात. वरच्या माणसाने पायांचा हा अडसर ओलांडला तर तो गार्ड पास.

सगळ्या घराण्यांतले मतभेद याच जागेवरून सुरू होतात. गार्डमध्ये मुक्काम करायचा, तिथून झटपट हल्ला करायचा, की तो मोडून वरून दाबायचं?

पायरी दुसरी : रिओमधली जुनी भांडणं जाणून घ्या

इतिहास म्हणजे परीक्षेचा धडा वाटतो, पण इथे तो रोज मॅटवर भेटतो, म्हणून या पायरीवर जरा रेंगाळू.

जपानमधल्या कोडोकानचा, म्हणजे जुदोच्या मूळ संस्थेचा, जुदोपटू मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोचला आणि पुढे उत्तरेकडच्या बेलेममध्ये स्थिरावला. त्याच्याकडून आलेली विद्या कार्लोस ग्रेसीने रिओ दि जानेरोला नेली आणि त्याचा धाकटा भाऊ एलिओने ती आपल्या किडकिडीत देहाला मानवेल अशी करून घेतली. एलिओची अडचण साधी होती : समोरचा नेहमीच जास्त वजनाचा आणि ताकदवान असणार. म्हणून त्याच्या जिऊ-जित्सूचा पाया आधी टिकून राहण्यावर. मार खायचा नाही, श्वास टिकवायचा, समोरच्याला थकू द्यायचं आणि त्याने चूक केली की ती पकडायची. 1951 मध्ये माराकाना स्टेडियममध्ये मासाहिको किमुराने त्याचा हात पिरगाळला, तरी तो टॅप करेना. शेवटी त्याच्या बाजूने पांढरं निशाण आलं. तो डाव आज जगभर किमुरा म्हणूनच ओळखला जातो. 1955 मध्ये आपल्याच जुन्या शिष्याशी, वाल्देमार सांतानाशी, एलिओ सुमारे पावणेचार तास लढला आणि हरला.

त्या पराभवाचा हिशेब चुकवायला उतरला तो कार्लोसचा मुलगा कार्लसन, आणि त्याच्याबरोबर दुसरी शाखा फुटली. कार्लसनची प्रकृती दणकट, वृत्ती चढाईची. कोपाकबानातल्या त्याच्या अकादमीत वरून दाब देणं, गार्ड फोडणं, दम टिकवून सतत पुढे जाणं यावर भर होता. त्याच खोलीत रिकार्दो दि ला रिवा नावाचा हलक्या अंगाचा मुलगा या धिप्पाड मंडळींखाली रोज चिरडला जायचा. त्याने एक पाय समोरच्याच्या पुढच्या पायाला बाहेरून गुंडाळून अंतर राखायची युक्ती बसवली. तो झाला दि ला रिवा गार्ड. म्हणजे दाबाच्या घराण्यातच गार्डची एक नाजूक चाल जन्मली. कोणत्याही टीमबद्दल ‘तिथे सगळे असेच खेळतात’ असं कोणी सांगितलं की मला ही गोष्ट आठवते.

तिसरी धारा ग्रेसी कुटुंबाच्या बाहेरची आहे आणि मला ती फार प्रिय आहे. माएदाचाच एक शिष्य लुईस फ्रान्सा, आणि त्याचा शिष्य ओस्वाल्दो फाद्दा. फाद्दा रिओच्या श्रीमंत दक्षिण भागात शिकवत नव्हता. बेंतो रिबेइरोसारख्या उपनगरात, फी न परवडणाऱ्यांना तो शिकवायचा. 1950 च्या दशकात त्याने ग्रेसी अकादमीला जाहीर आव्हान दिलं, आणि त्याच्या पोरांनी बरेच सामने जिंकले ते पायाच्या डावांनी. त्या डावांना तेव्हा प्रतिष्ठा नव्हती. ‘सापातेइरो’, म्हणजे बूट शिवणारा, अशी त्यांची हेटाळणी व्हायची. त्या हेटाळणीत कष्टकऱ्यांविषयीचा तिटकारा होता असं मला ठामपणे वाटतं. त्याची किंमत साऱ्या खेळाने मोजली, कारण पायावरचे हल्ले पुढची कित्येक दशकं ‘हलके’ मानले गेले आणि मन लावून कोणी त्यांचा अभ्यासच केला नाही. फाद्दाची परंपरा पुढे वेंडेल अलेशांद्रेपर्यंत आली. 1995 मध्ये त्याने आणि कार्लसनच्या वळणाच्या आंद्रे पेदेर्नेइरासने मिळून नोव्हा उनियाओ उभी केली. हलक्या वजनाच्या चपळ खेळाडूंसाठी ही टीम नावाजली.

आणि रोल्स ग्रेसी. तोही कार्लोसचा मुलगा, पण एलिओच्या घरी वाढला. कुस्ती, सांबो ही रशियन कुस्ती, जुदो, जिथे जे मिळेल ते त्याने उचललं. 1982 मध्ये हँग ग्लायडिंगच्या अपघातात तो गेला, तेव्हा जेमतेम तिशी ओलांडली होती. आजच्या दोन बलाढ्य टीम त्याच्या माणसांनी उभारल्या : भाऊ कार्लोस ग्रेसी ज्युनियरने 1986 मध्ये ग्रेसी बार्रा, आणि शिष्य रोमेरो ‘जाकारे’ काव्हालकांतीने 1993 मध्ये फाबियो गुर्जेल व अलेशांद्रे पाइवा यांच्यासह अलायन्स.

पायरी तिसरी : टीम कोणत्या नियमांसाठी सराव करते ते ओळखा

आजचे फरक मुख्यतः नियमांतून आले आहेत. आयबीजेजेएफ या संघटनेच्या स्पर्धांत टेकडाउनला, म्हणजे उभ्याला खाली पाडण्याला, 2 गुण, स्वीपला 2, पोटावर गुडघा ठेवून दाबल्यास 2, गार्ड पासला 3, माउंट (छाती-पोटावर स्वार होणं) किंवा पाठ मिळवल्यास प्रत्येकी 4. आता हिशेब करा. उभ्याने धडपडून टेकडाउन घ्यायचा तर 2 गुण. आपणहून खाली बसून स्वीप केला तरी 2 गुणच, आणि समोरच्याला धरून खाली बसण्याला दंड नाही. मग हलक्या वजनाचे खेळाडू सामना सुरू होताच बसून गार्ड का घेतात, हे लगेच उमगतं.

एडीसीसी ही बिनगीची, म्हणजे गी (जाड कापडाचा जाकिट-पायजमा) न घालता खेळायची, मोठी स्पर्धा 1998 मध्ये अबू धाबीत सुरू झाली. तिथे सामन्याच्या पहिल्या भागात गुणच नसतात, आणि गुण सुरू झाल्यावर आपणहून गार्डमध्ये बसलं तर एक गुण कापला जातो. त्यामुळे तिच्यासाठी तयारी करणाऱ्या खोल्यांत उभ्याची कुस्ती भरपूर असते. आपल्याकडे तालमीत पट काढायला शिकलेल्याला तिथे पहिल्या दिवसापासून आपलेपणा वाटेल.

हा चष्मा लावून टीमकडे बघू.

स्वसंरक्षणाचं घराणं. एलिओचे नातू राइरॉन आणि रेनर यांची कॅलिफोर्नियातल्या टॉरन्समधली ग्रेसी युनिव्हर्सिटी याचं ठळक उदाहरण. सुरुवातीचा अभ्यासक्रम 36 तंत्रांचा, आणि त्या टप्प्यावर मोकळं रोलिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, नाही. समोरचा ठोसे मारणार हे गृहीत धरून सगळं बेतलेलं. भित्र्या, वयस्क किंवा कधीच अंगमस्ती न केलेल्या माणसासाठी यापेक्षा सौम्य दार मला माहीत नाही. उणीव अशी की पूर्ण जोराने प्रतिकार करणाऱ्याशी गाठ उशिरा पडते. ठोसे नसलेल्या स्पर्धात्मक क्लासमध्ये नेमकं याच्या उलट होतं.

ग्रेसी बार्रा. ठरलेला साप्ताहिक अभ्यासक्रम, टीमचाच गणवेश, जगभर शाखा. नोकरीमुळे शहरं बदलणाऱ्या माणसाला हे फार सोयीचं, कारण दुसऱ्या गावातही तास ओळखीचा वाटतो. ज्यांना शिस्त काचते त्यांना ते शाळेसारखं वाटेल. पण इथेही माणूस डोकावतोच : रॉबेर्तो ‘गोर्दो’ कोरेआचा गुडघा दुखावला होता, म्हणून त्याने एकच पाय अडकवून खालून खेळायची पद्धत विकसित केली आणि हाफ गार्ड ही नुसती अडचणीची जागा न राहता हल्ल्याची जागा झाली. चाळिशीतल्या, सांधे कुरकुरणाऱ्या माणसाने आधी हाफ गार्ड शिकावा असं माझं स्पष्ट मत आहे.

अलायन्सची ओळख नीटस, तांत्रिक, स्पर्धेत टिकणारा खेळ. इथला मार्सेलो गार्सिया अंगाने लहान, तरी एडीसीसी चार वेळा जिंकला. खाली बसून दोन्ही पायांचे पंजे समोरच्याच्या मांड्यांखाली ठेवायचे, हात ओढून पाठीकडे पळायचं, आणि तो सावरला की त्याच्याखाली शिरून त्याच्या एका पायाला दोन्ही पायांची एक्ससारखी कैची, म्हणजे एक्स गार्ड. कॉलर-बाहीवर फारसं अवलंबून नसल्यामुळे हा खेळ गी असो-नसो, सारखाच चालतो.

आतोस 2008 मध्ये आंद्रे गाल्व्हाओ आणि रामोन लेमोस यांनी सुरू केली. राफाएल आणि गिल्येर्मे मेंदेस हे भाऊ तिथलेच. पुढे त्यांनी कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसात आपली अकादमी काढली. बेरिंबोलोला धार आणली ती मुख्यतः या दोघांनी. दि ला रिवा गार्डमधून खांद्यावर गोल फिरून समोरच्याच्या पाठीवर जायचं, अशी ही चाल. बघायला देखणी, पण मान आणि पाठीचा कणा वाकवत तिचा सराव करावा लागतो. स्पर्धेची ओढ असलेल्या विशीतल्या मुला-मुलींनी जरूर शिकावी. मणक्याचा त्रास असेल तर तास बाहेर बसून बघा आणि मग ठरवा.

टेन्थ प्लॅनेटची गोष्ट वेगळी. एडी ब्राव्होने 2003 च्या एडीसीसीत रॉयलर ग्रेसीला ट्रँगलमध्ये, म्हणजे पायांनी गळा आवळणाऱ्या डावात, पकडलं आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये स्वतःची पद्धत सुरू केली. गी पूर्णपणे बाद. एमएमएमध्ये (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं अशा लढतीत) कॉलर धरायला नसते, मग सवयच कशाला, हा त्याचा युक्तिवाद. रबर गार्डमध्ये स्वतःचाच पाय समोरच्याच्या मानेवर चढवून हाताने धरून ठेवतात. मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या आपल्या लोकांना हे थोडं सोपं जातं असं मला दिसलंय. पण खुब्याचा सांधा मोकळा नसेल तर सगळा पीळ गुडघ्यात उतरतो, म्हणून पाय हाताने ओढून वर आणायचा नाही. डावांची नावंही त्यांची स्वतःची, ‘मिशन कंट्रोल’, ‘न्यूयॉर्क’ अशी, त्यामुळे पहिला महिना भाषा शिकण्यातच जातो.

आणि शेवटी जॉन डॅनहरची शाखा. मॅनहॅटनमध्ये रेन्झो ग्रेसीच्या अकादमीत गॉर्डन रायन, गॅरी टोनन, एडी कमिंग्ज असे शिष्य त्याने घडवले, आणि ज्या पायाच्या डावांना रिओने नाकं मुरडली होती त्यांची शिस्तबद्ध मांडणी केली. आधी समोरच्याचा पाय आपल्या दोन्ही पायांत बंदिस्त करायचा, तो सुटू शकत नाही याची खात्री झाली की मगच टाच फिरवायची. 2021 मध्ये हा गट फुटला. त्यातून न्यू वेव्ह आणि बी-टीम या दोन टीम टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये उभ्या राहिल्या. त्याच वर्षी आयबीजेजेएफनेही बिनगीच्या सामन्यांत प्रौढ तपकिरी व काळ्या पट्ट्यांना हील हुकची, म्हणजे टाच फिरवून गुडघा पिळणाऱ्या डावाची, मुभा दिली. फाद्दाच्या पोरांनंतर पासष्ट-सत्तर वर्षांनी हे घडत होतं.

माझा गुडघा इथेच येतो. मी जिथे शिकत होतो तिथे पायाचे डाव शिकवत नसत, पण रोलिंगमध्ये कोणी मारला तर अडवतही नसत. एका संध्याकाळी पाहुण्या खेळाडूने टाच पकडली. मला काहीच दुखत नव्हतं, म्हणून मी जोर लावून उलट्या दिशेला फिरलो. आतून एक ओला, जाड कापड फाटल्यासारखा आवाज आला. हील हुकमध्ये वेदना नंतर येते, लिगामेंट आधी जातं. टाच पकडली गेली आणि गुडघ्याची रेष अडकली की दुखायची वाट न बघता टॅप करा, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

पायरी चौथी : गी की बिनगी

यावर फार डोकं शिणवू नका. गीमध्ये पकडी जास्त, वेग कमी, विचार करायला वेळ मिळतो. बिनगीत घामाने हात निसटतात आणि खेळ पळतो. दोन्ही शिकवणारी जागा मिळाली तर उत्तम. नाही तर तुमच्या वेळेत जो तास बसतो तो घ्या.

पायरी पाचवी : चाचणीचा तास डोळे उघडे ठेवून करा

टीमचं बोधचिन्ह भिंतीवर असतं, शिकवणारा माणूस मॅटवर. मुंबई-पुण्यात काय किंवा न्यू जर्सीत काय, शाखेचा स्वभाव तिथल्या शिक्षकावर ठरतो. म्हणून एक तास करा आणि या गोष्टी बघा.

तास सुरू होतो तो उभ्याने, गुडघ्यांवर की थेट पाठीवर? त्यातून त्यांचं लक्ष कुठे आहे ते समजतं. शिक्षक डाव दाखवताना ‘का’ सांगतात का, की फक्त हात इथे, पाय तिथे? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटचं रोलिंग. तिथे पन्नाशीचा माणूस शोधा, एखादी बारीक चणीची मुलगी शोधा. ती मंडळी वर्षानुवर्षं तिथे येत असतील आणि त्यांच्या हातात कसब दिसत असेल, तर ती खोली सुरक्षित आहे असं समजा. जांभळा किंवा तपकिरी पट्टा नवख्याबरोबर कसा खेळतो तेही बघा. चांगल्या खोलीत तो जोर कमी करतो, तुम्हाला थोडं सुटू देतो, पुन्हा पकडतो.

तास संपल्यावर शिक्षकांना सरळ विचारा : ‘सर, नवीन माणसाला पहिल्या दिवशी रोलिंग देता का? पायाचे डाव कधीपासून? तुमचा काळा पट्टा कोणाकडून?’ शेवटच्या प्रश्नाचा राग कोणीही प्रामाणिक शिक्षक मानत नाही. या खेळात गुरुपरंपरा सांगणं अभिमानाचं मानतात. उत्तर टाळलं तर दुसरी जागा बघा.

पायरी सहावी : निवड झाल्यावर

पहिले तीन महिने फक्त सुटका शिका. माउंटखालून, साइड कंट्रोलखालून (समोरचा आडवा छातीवर दाबतो तेव्हा), पाठीवरच्या पकडीतून. कोणत्याही घराण्यात हे वाया जात नाही. रॉजर ग्रेसी दहा वेळा जगज्जेता झाला तो बंद गार्ड आणि माउंटवरून कॉलरने गळा आवळणं अशा पांढऱ्या पट्ट्याला शिकवतात त्या डावांवर, त्यामुळे साधे डाव शिकवतात म्हणून हिरमुसू नका. नवनवीन गार्ड व्हिडिओत बघून थेट रोलिंगमध्ये करू नका. शिक्षकांना दाखवा, ते तुमच्या अंगाला मानवेल का ते सांगतील.

दुसऱ्या टीमकडे जाऊन बघायचं असेल तर आधी आपल्या शिक्षकांच्या कानावर घाला. टीम सोडून जाणाऱ्याला कार्लसन ग्रेसी ‘क्रेओन्ते’, म्हणजे गद्दार, म्हणायचा. हा शब्द अजून वापरात आहे, जरी आता बऱ्याच ठिकाणी पाहुणे म्हणून जायला आनंदाने परवानगी मिळते. परक्या खोलीत गेलात की गीचा रंग चालेल का ते विचारा, नखं कापून जा, मॅटवरून उतरताना चपला घाला आणि संसर्ग वाटणारा कुठलाही चट्टा अंगावर असेल तर त्या दिवशी जाऊच नका. निळा पट्टा मिळायला बहुतेकांना दीड-दोन वर्षं लागतात. तेवढ्या काळात तुमचं शरीर कोणत्या घराण्याकडे ओढ घेतंय ते दिसू लागेल. मी सुरुवात दाबाच्या खेळाने केली होती. गुडघ्यानंतर हाफ गार्डकडे वळलो, आणि आता आठवड्यातले दोन दिवस तिथेच, खाली, एका पायाला धरून घालवतो.